दिसले नाहीत आणि नाहीत

भाचीनं रिपोर्टचा फोटो पाठवला तेव्हा माझे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते. मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला. स्क्रीन उजळली, तर राखाडी पट्ट्यात एक काळा डाग आणि खाली तिची एकच ओळ : "मामी, ठोके नाहीत म्हणाले."

तव्यावरची भाकरी करपली. गॅस बंद केला, हात धुतले, चष्मा शोधला आणि फोटो मोठा करून वाचायला घेतला. रिपोर्ट इंग्रजीत. सॅक, म्हणजे गर्भाभोवतीची पिशवी, गर्भाशयातच आहे. योक सॅक दिसते. गर्भाची लांबी ३ मिलिमीटर. हृदयाची हालचाल या तपासणीत दिसली नाही. दहा-अकरा दिवसांनी पुन्हा तपासावे. बस्स, एवढंच. तीनदा वाचलं. 'ठोके नाहीत' असं त्यात कुठंच नव्हतं.

म्हणजे सोनोग्राफीच्या खोलीपासून फुलेवाडीतल्या घरापर्यंत येता येता 'दिसले नाहीत'चं 'नाहीत' झालं होतं. आत डॉक्टर 'आज दिसत नाहीत' म्हणाले असणार. हिनं बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला 'नाहीयेत' सांगितलं. त्यानं गाडी बाजूला घेऊन आईला फोन लावला आणि 'गेलं बहुतेक' म्हणाला. रंकाळ्याच्या कडेनं घरी पोचेपर्यंत सगळं संपलेलं. आपल्या भाषेत हा एक घोळच आहे. 'पाहुणे आले नाहीत' म्हटलं की ते वाटेत आहेत का येणारच नाहीत, हे सांगणाऱ्याच्या आवाजावरनं ओळखायचं. आणि घाबरलेल्या माणसाला दोन्ही आवाज सारखेच ऐकू येतात.

फोन लावला. रडून झालेलं होतं, नाक चोंदलेलं.

"रिपोर्ट नीट वाच. तू मला लिहिलंयस ते त्यात नाही."

"ठोके नाहीत म्हणजे नाहीतच की मामी."

"तसं नसतंय. आणि हे माझ्या पदरचं नव्हे. तुझ्या आईला विचार, तिनंच मला शिकवलंय."

२०१२ चा जून. पावसाला नुकतीच सुरुवात झालेली. पतसंस्थेत काउंटरवर बसत होते, अजूनही बसते. घरच्या पट्टीवर दोन रेघा आल्या, आम्ही दोघं हरखून दवाखान्यात गेलो. पोट तट्ट होईस्तोवर पाणी प्यायला लावलं आणि पोटावरनं मशीन फिरवलं. शेवटच्या पाळीपासून पन्नासावा दिवस, म्हणजे सात आठवडे आणि एक दिवस. सात आठवड्यांना गर्भ दिसायला पाहिजे, ठोके दिसायला पाहिजेत, इथं तर नुसती सॅक. डॉक्टर हातमोजे काढता काढता म्हणाले, "वाढ नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी या, पिशवी साफ करून टाकू." आवाजात वाईटपणा अजिबात नव्हता. काउंटरवर मी लोकांना 'सही जुळत नाही, उद्या या' म्हणते ना, अगदी तोच आवाज.

मी उपाशीपोटी जायला तयार होते. खरंच होते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे झालं. आडवी आली ती नणंद. "महाद्वार रोडला एक साडी घ्यायला चार दुकानं फिरतीस. आणि हे एकाच दुकानात?"

दुसऱ्या दिवशी तिनंच शाहूपुरीतल्या एका वयस्कर बाई डॉक्टरांकडं नेलं. त्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात, मीही तेवढंच म्हणते. मॅडमनी मशीनला हात लावायच्या आधी विचारलं, "पाळी कितव्या दिवशी येते तुझी?" मी म्हटलं, अडतीस, कधी चाळीस. आदल्या दिवशी हे कुणीच विचारलं नव्हतं, आणि मलाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

मॅडमनी चिठ्ठीच्या पाठीमागं एक आडवी रेघ मारली आणि गणित घातलं. ते गणित मला अजून पाठ आहे. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, कारण बाईला तीच तारीख ठाऊक असते. पण गर्भ त्या दिवशी राहत नाही. अठ्ठावीस दिवसांची पाळी धरली तर बीज सुटतं चौदाव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे 'चार आठवड्यांची गरोदर' म्हणतात तेव्हा आतला जीव जेमतेम दोन आठवड्यांचा असतो, पहिले दोन आठवडे हिशोबात फुकट मिळालेले. आणि पाळी चाळीस दिवसांची असेल तर बीज चौदाव्याला नव्हे, पंचविसाव्या-सव्विसाव्याला सुटतं. पन्नासातनं हे जादाचे अकरा-बारा दिवस वजा कर. "तू सात आठवड्यांची नाहीसच गं. साडेपाचची आहेस. सातवीचा पेपर पाचवीच्या पोरीला दिला आणि नापास केली."

मग आतनं सोनोग्राफी केली. योनीमार्गातनं मशीन घालायचं म्हटल्यावर मी आखडून गेले. मॅडमनी खुलासा केला तो असा, की पोटावरनं बघणं म्हणजे रस्त्यावरनं घरात बघणं आणि आतनं बघणं म्हणजे उंबऱ्यात उभं राहून बघणं. इतक्या सुरुवातीला उंबऱ्यातनंच बघायला पाहिजे, आणि त्याला पाणी प्यावं लागत नाही, उलट लघवीला जाऊनच झोपायचं. आतनं बघितलं की साधारण पाचव्या आठवड्यात सॅक दिसते, साडेपाचला तिच्यात योक सॅक, म्हणजे गर्भाची सुरुवातीची शिदोरी, आणि सहाच्या आसपास तिच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा गर्भ आणि त्यात हालचाल. माझी सॅक १० मिलिमीटर. आत योक सॅक, गोल, अंगठीसारखी. "साडेपाचला आणखी काय दिसायला पाहिजे?" मॅडम म्हणाल्या. "अकरा दिवसांनी ये."

अकराव्या दिवशी त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वरचं वजन कसं जागच्या जागी थरथरतं, तसं काहीतरी पांढुरकं थरथरत होतं. आवाज नाही. लोकांना वाटतं ठोके ऐकू येतात, पण इतक्या लवकर ते बघायचे असतात, ऐकायचे नसतात. गर्भ १० मिलिमीटर, मिनिटाला १३२.

ती चिमी. आता सातवीत आहे आणि गणितात काठावर पास होते, ते जाऊ द्या.

मॅडमशी नंतर ओळख वाढली तेव्हा एकदा मी विचारलंच, पहिल्या डॉक्टरांनी असं कसं सांगितलं? त्यांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. म्हणाल्या, आम्ही पण तसंच करायचो. पूर्वी गर्भ ५ मिलिमीटरचा झाला आणि ठोके दिसले नाहीत की निकाल द्यायचा, असाच नियम होता. मग २०११ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी मोजमापं तपासून दाखवलं की या आकड्यांवर विसंबलं तर एखादं चांगलं चाललेलं गरोदरपणसुद्धा 'गेलं' म्हणून संपवलं जाऊ शकतं. एकच गर्भ दोघांनी मोजला तर मिलिमीटर इकडंतिकडं होतोच. २०१३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नवे आकडे छापून आले : आतनं केलेल्या सोनोग्राफीत गर्भ ७ मिलिमीटर किंवा जास्त आणि ठोके नाहीत, किंवा सॅक सरासरी २५ मिलिमीटर किंवा जास्त आणि आत गर्भच नाही, तरच 'गेलं' म्हणायचं. त्याच्या आत असेल तर थांबायचं. आधी नुसती सॅक दिसली असेल तर निदान दोन आठवडे, योक सॅकही दिसली असेल तर अकरा दिवस. त्यानंतरही ठोक्यांसकट गर्भ दिसला नाही, तर मग बोलायचं.

"पाच आणि सातमध्ये फरक केवढा?" मॅडमनी दोन नखं एकमेकांजवळ आणून दाखवली. "पण गेलेलं असेल तर आठवडाभर थांबून ते आणखी जात नाही. असलेलं मात्र घाईनं जातं."

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "मामी, पण पुराच्या वेळचं?"

आमच्या घरात याला 'पुराच्या वेळचं' असंच म्हणतात. दुसरं नाव कुणी दिलं नाही.

२०१९ चा जुलै संपत आलेला. तोवर माझी पाळी घड्याळासारखी झाली होती, एकोणतिसाव्या दिवशी. त्यामुळं तारखेचा घोळ म्हणायला जागा नव्हती. साडेसात आठवडे. गर्भ ५ मिलिमीटर. मॅडमनी मशीन बराच वेळ एका जागी धरलं, मग किंचित फिरवलं, मग पुन्हा धरलं. या वेळी त्यांनी स्क्रीन वळवली नाही. "आकडा मागं आहे," एवढंच म्हणाल्या. "पण आज मी काही म्हणणार नाही. पुढच्या मंगळवारी ये."

पुढचा मंगळवार म्हणजे ६ ऑगस्ट २०१९. त्या आठवड्यात कोल्हापुरात असलेल्या कुणालाही ती तारीख वेगळी सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत पाणी, मॅडमच्या दवाखान्याच्या रस्त्यावर कमरेइतकं. आम्ही शिवाजी पेठेत, उंचावर, कोरडे. पण उपसा केंद्रंच बुडालेली, त्यामुळं चहूकडं पाणी आणि नळाला थेंब नाही. पुराच्या दिवसांत कोल्हापूरकर दर तासाला फूट-इंचाचा हिशोब ठेवतात. किती झाली? पंचावन्न तीन. इंचानं उतरली का? आमचे हे बाहेर ओट्यावर उभं राहून तो हिशोब करत होते आणि मी आत दुसराच करत होते. दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढ होते म्हणतात. गेल्या मंगळवारी पाच होता, मग आज बारा, उद्या तेरा.

गल्लीत टँकर यायचा. टँकर आला की हंडे, घागरी, बादल्या, रंगाचे डबे, जे असेल ते घेऊन सगळ्या बायका रांगेत. मीही गेले. भरलेली घागर उचलायला वाकले आणि हे मागनं धावत आले, "ठेव, ठेव, मी घेतो." एवढंच. पण बाईमाणसानं भरली घागर खाली ठेवली आणि पुरुषानं ती उचलली, हे आमच्या गल्लीत छापून आलेल्या बातमीसारखं असतं. समोरच्या काकूंनी एकदा घागरीकडं बघितलं, एकदा माझ्या पोटाकडं. "काय गं, गोड बातमी हाय व्हय?" मी म्हटलं, "पाठ धरलीय काकू." त्या हसल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत माझी पाठ धरल्याचं सगळ्यांना कळलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी एका घरातनं लिंबाचं लोणचं आलं.

ते लोणचं मी खाल्लं. वाईट गोष्ट ही की मला ते आवडलं, म्हणजे डोहाळे चालू होते. मळमळ होती, छाती भरलेली होती, भूक विचित्र होती. मला वाटायचं, हे सगळं आहे तर आत सगळं ठीकच असणार. पुढं मॅडमनी सांगितलं, तसं नसतं. गर्भ थांबला तरी सॅकभोवतीचा भाग काही दिवस, काही आठवडेसुद्धा संप्रेरकं सोडत राहतो. शरीराला कुणी कळवलेलंच नसतं.

१३ ऑगस्टला मॅडमनी राजारामपुरीतल्या ओळखीच्या दवाखान्यात वेळ घेतली. रस्त्यावर चिखलाचा, ओल्या गाद्यांचा वास. दोन आठवड्यांत गर्भ कितीतरी मोठा व्हायला पाहिजे होता. तो पाचच होता. मॅडमनी तिथल्या दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून घेतलं, त्यांनीही बघितलं, दोघी एकमेकींशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलल्या. मग मॅडम माझ्या डोक्याशी आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "ठोके नाहीत."

या वेळी 'दिसले नाहीत' नव्हतं. दोन शब्दांतला तो फरक मला तेव्हाच कळला आणि मला त्याचा रागही आला नाही. दोन आठवडे कुणीतरी शब्द जपून वापरत होतं, म्हणून हा शब्द खरा वाटला.

मी विचारलं ते सगळ्याच विचारतात. घागर उचलायला वाकले म्हणून? टेन्शन घेतलं म्हणून? पुरात धावपळ झाली म्हणून? मॅडमनी बोटावर हिशोब केला. ५ मिलिमीटर म्हणजे सहा आठवडे आणि दोन-तीन दिवसांचा गर्भ. म्हणजे तो बहुधा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातच थांबला. तेव्हा नदी पात्रातच होती आणि मी मजेत ऑफिसला जात होते. सुरुवातीला जे गर्भ जातात त्यातले निम्म्याहून जास्त गुणसूत्रांची संख्या चुकल्यामुळं जातात. पहिल्याच दिवशी मांडणी चुकलेली असते, पुढं कुणी काही केलं म्हणून नव्हे. आणि कळलेल्या दर शंभर गरोदरपणांत दहा ते वीस अशी जातात. हा आकडा ऐकून मी चाट पडले. आमच्या ऑफिसात आम्ही अकराजणी, गल्लीत चाळीस घरं. मग इतक्या सगळ्या बायका कुठं होत्या?

पुढं तीन वाटा असतात. आपोआप व्हायची वाट बघायची, गोळ्या घ्यायच्या, किंवा क्युरेटिंग करून घ्यायचं. मी गोळ्या निवडल्या. तासाला दोन पॅड भिजायला लागले आणि ते दोन तास चाललं, किंवा चक्कर आली, ताप आला तर रात्र बघायची नाही, सरळ यायचं, असं मॅडमनी यांना दोनदा बजावलं. पण आमच्या नळाला अजून पाणी नव्हतं. तेव्हा आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात उभं राहून ठरवलं की गोळ्या पाणी सुटल्यावर घ्यायच्या. आतापर्यंतच्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात विचित्र नियोजन हेच. दोन दिवसांनी पहाटे नळ खाकरला, गढूळ पाणी आलं, मग जरा स्वच्छ आलं. हे बादल्या भरत होते आणि मी पाकीट फोडलं.

त्या रात्री सासूबाई मोरीच्या दाराशी पाट टाकून बसल्या. "तू आत जा, मी हितं बसतो." कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात याची पुण्या-मुंबईकडची माणसं चेष्टा करतात. करू देत. त्या रात्री दाराबाहेरनं दर दहा मिनिटांनी "मी हाय गं, बसलोय" ऐकू येत होतं आणि मला त्याहून बायकी काही आठवत नाही.

पहाटे चहा करताना त्या सहज म्हणाल्या, "आमच्या वेळंला असलं कायबी कळत नव्हतं. महिना-दीड महिना पाळी लांबायची आणि मग यायची, जोरात यायची. चला, आली, म्हणायचं. माझं असं दोन-तीनदा झालं. आता ते काय होतं देव जाणे." मग कप पुढं सरकवत म्हणाल्या, "तुमच्या वेळंला त्याचा फोटो असतोय."

यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. मशीननं आम्हाला दोन गोष्टी दिल्या. पूर्वी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कळायची ती बातमी पाचव्या आठवड्यात दिली. आणि पूर्वी 'पाळी लांबली' म्हणून विसरता यायचं ते दुःख तारखेसकट, मिलिमीटरसकट दिलं. पहिली घेतली तर दुसरी परत करता येत नाही.

मशीनचा विषय निघालाय तर आमच्या जिल्ह्याचं आणि या मशीनचं नातंही सरळ नाही. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. शाहू महाराजांचं नाव उठताबसता घेणारा जिल्हा. पुढं जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात इथल्या सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवले गेले, आत काय बघितलं त्याची नोंद ठेवणारे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा. म्हणून गरोदर बाईची सोनोग्राफी म्हटली की आधी फॉर्म एफ भरायचा आणि 'मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' म्हणून सही करायची. असायलाच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण ३ मिलिमीटरच्या जिवाला ठोके आहेत का, एवढंच बघायला आलेल्या पोरीला आधी मुलगा-मुलगीच्या कागदावर सही करावी लागते, तेव्हा पेन जरा अडतंच. भाची म्हणाली, "मामी, सही करताना मी मनात म्हटलं, कायबी असू दे, पण असू दे."

ऑफिसचं थोडक्यात सांगते. मी चौथ्या दिवशी कामावर गेले, कारण आजारपणाच्या रजा संपल्या होत्या. वर्षभरानंतर एका वकील मैत्रिणीनं सांगितलं की तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या नवव्या कलमात गर्भपात झाल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, दाखला द्यायचा की झालं. आमच्या साहेबांना ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आता मी ते ऑफिसातल्या प्रत्येक नव्या पोरीला सांगते, लग्न झालेलं असो नसो. त्या लाजतात.

तर भाची. ती सांगितलेल्या तारखेपर्यंत घरी बसली आणि तिच्या घरानं त्या दहा-अकरा दिवसांत जे जे करायचं ते सगळं केलं. सासूनं पपई फळवाल्याच्या गाडीवर बघायलासुद्धा मनाई केली. कुणीतरी पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवायला सांगितल्या. झोपून राहिल्यानं ठोके येत नाहीत गं, असं मी सांगितलं, पण विटा ठेवल्याच. नवरा बिचारा मोबाईलवर रात्रभर वाचत बसायचा. त्यानं घरी ठोके ऐकायचं छोटं यंत्र ऑनलाइन मागवलं. मी त्याला फोन करून ते रद्द करायला लावलं. ते यंत्र दहा-बारा आठवड्यांच्या आधी काही पकडत नाही. काही ऐकू आलं नाही तर पोरगी उगाच मरेल भीतीनं, आणि ऐकू आलं तर तो तिच्याच नाडीचा आवाज असायचा. मग त्यानं विचारलं, रक्तातलं बीटा एचसीजी परत करूया का? त्यालाही सांगितलं, की तो गरोदरपणाच्या संप्रेरकाचा आकडा अगदी सुरुवातीला, काहीच दिसत नसतं तेव्हा उपयोगाचा. दोन-तीन दिवसांत दुप्पट होतोय का बघायचं. गर्भाशयात सॅक दिसून गर्भ दिसला, आता उत्तर रक्तात नाही. त्याला काहीतरी करायचं होतं. त्याचं दुखणं मला कळत होतं. पण त्याच्या हातात काही नव्हतं आणि ते त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं मला सरळच विचारलं. "मामी, तुला काय वाटतंय? चिमीसारखं का पुरासारखं?"

दोन्हीकडचे आकडे माझ्यापाशी होते. तारखेनं तिचे सहा आठवडे आणि पाच दिवस, पण पाळी बत्तिसाव्या दिवशी येते, म्हणजे सहा आणि एक-दोन दिवस धरायचे. ३ मिलिमीटर त्याला फार मागं नाही. ठोके कधी कधी दोन-तीन दिवस उशिरा पकडले जातात. हे सगळं तिला सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण बरं वाटावं म्हणून सांगितलेलं माणूस लक्षात ठेवतं, आणि उलटं झालं की ते सांगणाऱ्यावर उलटतं असं नव्हे, तर तिच्यावरच उलटतं. 'मामी म्हणाली होती होईल, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं.' मी म्हटलं, "मला माहीत नाही गं." ती रागावली. दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच केला आणि म्हणाली, "किरणोत्सवाला जाऊया? घरात बसून डोकं फिरलंय."

नोव्हेंबरातला दहावा दिवस. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, पहिल्या दिवशी पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. तारखा ठरलेल्या, वर्षातनं दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर. पण तारीख आली म्हणून किरणं येतातच असं नाही. ढग असतात, धुकं, धूळ असते, मध्येच कुणाच्या इमारतीचा कोपरा येतो. तेव्हा यंदा कुठवर आली, हे कोल्हापुरात दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचायचं असतं.

आम्ही गर्दीत मागं उभ्या होतो. तिची आई, म्हणजे माझी नणंद, पुढं घुसली होती, तिला कुठंही वाट मिळते. आत काहीच दिसत नव्हतं, लोकांच्या तोंडानं कळत होतं. गरुड मंडपात आली. कासव चौकात आली. पितळी उंबरा. मग बराच वेळ कुणी काही बोलेना. भाचीनं माझं मनगट धरलं होतं. चांदीचा उंबरा, कुणीतरी म्हणालं. मग टाळ्या वाजल्या की नुसताच गलका झाला, ते कळलं नाही. पुढच्या एका आजोबांनी मागं वळून सांगितलं, "गुडघ्यापर्यंत आल्यात." त्यांच्या शेजारची बाई म्हणाली, "न्हाई, कमरंपर्यंत. मी बघितलं." दोघांचं तिथंच जुंपलं.

गर्दी हलायला लागली तशी आम्ही बाजूला भिंतीला लागून उभ्या राहिलो. नणंद घामाघूम होऊन बाहेर आली, पिशवीत ओटीचा नारळ तसाच. "कुठवर आली गं?" मी विचारलं. "मला कुठं दिसलं, एक उंच बाप्या पुढ्यात होता," ती म्हणाली आणि नारळ भाचीच्या हातात दिला.

महाद्वार रोडला दिवे लागले होते. भाचीला तहान लागली होती, गाडीवर सरबत घेतलं. अर्धा ग्लास पिऊन ती थांबली.

"मामी, उद्या साडेदहाची वेळ आहे. पाणी पिऊन जायचं का तटवून?"

"न्हाई. आतनं करणार आहेत. लघवीला जाऊनच आत जायचं."

"आणि फॉर्म परत भरायचा?"

"परत भरायचा."

तिनं उरलेलं सरबत आईला दिलं.